साडेचार सूत

५ मार्च

रुचिका, आधी माफी मागतो, मग लिहितो. हळदीच्या आदल्या दिवशी तू ही वही हातात दिलीस आणि म्हणालीस, "आजोबा, रोज दोन ओळी लिहा, मी आले की वाचीन." तू विशाखापट्टणमला गेलीस त्याला आज चोवीस दिवस झाले आणि मी आत्ता पहिलं पान उघडतोय. आळस नव्हता. रोज पेन घ्यायचो, टोपण काढायचो, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीनं परत लावायचो. माझं शिक्षण सातवी. अंबरनाथच्या एमआयडीसीत चौतीस वर्षं फिटर होतो, पण तिथे लिहायचं काम नव्हतं, मोजायचं होतं.

आज लिहायला कारण मिळालं. तुझा प्रिंटर. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला तो तू कपाटावर चादरीखाली ठेवून गेलीस आणि हुकूम सोडलास की लग्नाचे फोटो मीच छापायचे. आज तुझ्या मधुकाकाच्या भावेशनं तो खाली काढला, माझ्या फोनला जोडून दिला आणि कामाला निघून गेला. मी दुपारभर त्याच्यासमोर बसून होतो. चालू केला की आतून असा आवाज येतो जसा काही तुटतंय. दोनदा बंद केला.

छापायचा तो मांडवातला सगळ्यांचा फोटो. हळद लागल्यावर काढलेला. फोटो भावेशनं काढला, पण माणसं मी लावली, हे तुला आठवत असेल. नाहीतर सगळा गोंधळ झाला होता. तुझ्या सासूबाई मागे झाकल्या जात होत्या. बाय अगदी तुझ्याजवळ, तुझ्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. मी म्हटलं, "बाय, जरा कडेला हो, पाहुण्यांना जागा दे." ती लगेच कडेला गेली. तिला हलवायला कुणाला कधी दोनदा सांगावं लागत नाही.

बाय म्हणजे माझी मोठी बहीण चंद्री. गावची धवलारीण. आमच्यात भटजी मंगलाष्टकं म्हणतात, पण तिनं धवले गायल्याशिवाय अंगाला हळद लागत नाही. पालेगावातली अर्धी लग्नं तिच्या गळ्यानं लागलेली आहेत. तुला हे सगळं माहीत आहे, पण वही कोरी आहे, तिला काहीच माहीत नाही.

६ मार्च

छापला! चार बाय सहाच्या कागदावर पहिला फोटो आला. पण वरखाली पांढऱ्या पट्ट्या. फोटो मध्ये, आणि वर एक पट्टी, खाली एक पट्टी. मला काही ते आवडलं नाही. कारखान्यात असा जॉब कुणी पास केला नसता.

तुझी आई म्हणाली, "बाबा, छान आलाय की. कशाला टेन्शन घेता?"

संजीवनी चांगली आहे, पण तिला कुठलंही काम चांगलंच दिसतं. मी रिक्षा केली आणि उल्हासनगर कॅम्प दोनला गेलो. कागद विकणाऱ्या सेठला फोटो दाखवला. तो हसला.

"काका, ये पट्टी दिसली ना, की लोक बोलतात घरची प्रिंट आहे. बॉर्डरलेस मारा. कागद फुल भरून जाईल. एकदम लॅबवाला माल."

"कागद खराब नाही होणार?"

"कागद माझा आहे काका, खराब कसा होईल!"

घरी येऊन फोनमध्ये ते बटण शोधलं. दाबलं. कागद चारी कडांपर्यंत भरून आला. तू, जावई, पिवळेधमक गाल, मागे आंब्याचे टहाळे. मी तो हातात धरून अंगणात गेलो आणि उजेडात पाहिला. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. या वयात मशीन ताब्यात आलं.

फक्त डाव्या कडेला एक पिवळा डाग आहे. सूतभर रुंद असेल.

वहीत सूत लिहिलं ते तुला कळणार नाही. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. आमचं सगळं काम त्यातच चालायचं.

९ मार्च

बावीस कॉपी काढल्या. शाई अर्धी संपली. सगळ्यांवर डाव्या कडेला तोच पिवळा डाग, पण बाकी फोटो इतका झकास की कुणाचं तिकडे लक्ष जात नाही. गावात स्वतः फिरून वाटल्या. भीमराव चष्मा लावून म्हणाला, "जनू, बाहेरून करून आणलास ना?" मी म्हटलं, "घरात केला. या हातांनी." त्याच्या सुनेनं तिच्या लेकीच्या बारशाचे फोटो छापून द्याल का विचारलं. मी म्हटलं, बघू. मुद्दामच बघू म्हटलं.

बायकडे शेवटी गेलो, म्हणजे निवांत बसता येईल. ती देवळामागच्या आपल्या खोलीच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. समोरचा टॉवर आता एवढा वर गेलाय की चार वाजताच तिच्या ओट्यावर सावली येते. फोटो तिनं आधी लुगड्याला हात पुसून घेतला. डोळ्यांजवळ धरला. एकेकावर बोट ठेवत गेली. तुझ्यापासून सुरू केलं आणि डावीकडे सरकत सरकत कडेला आली. तिथे बोट थांबलं.

मला वाटलं, हिला दिसला. मीच आधी सांगून टाकलं, "बाय, तो डाग आहे. मशीनची चूक आहे, रागावू नको. साफ करतो मी."

ती म्हणाली, "डाग हाय व्हय." मग म्हणाली, "बरं."

चहा केला. साखर घालायला विसरली. मी तसाच प्यायलो. निघताना तिनं दाखवलं, कॅम्प दोनच्या बाजारातून तिनं फ्रेम आणली आहे. सोनेरी, आठ बाय दहाची. तुझ्या रंजनाकाकूबरोबर जाऊन स्वतः निवडली. तिच्या भिंतीवर आजपर्यंत देवाच्या फोटोंशिवाय काही नव्हतं. मला फार बरं वाटलं. म्हटलं, "बाय, हा लहान आहे, तुझ्या फ्रेमच्या मापाचा मोठा काढून देतो."

"कं घाई हाय," ती म्हणाली.

१३ मार्च

प्रिंटरचं तोंड तीनदा साफ केलं. डाग जात नाही. झोप नीट नाही.

१८ मार्च

आज बायकडे भावेशच्या लग्नाचं सांगायला गेलो. तारीख ठरली, दहा मे. मी नारळ आणि तांदूळ घेऊन गेलो, जसं धवलारणीला बोलवायला जायचं असतं तसं. माझ्याच बहिणीकडे, पण रीत ती रीत.

तिनं नारळ घेतला नाही.

"माझा गला चालंना आता, जनू. डीजे लावा. सगलीच लावतात."

मी हसलो. मला वाटलं थट्टा करते. "भावेशच्या हळदीला डीजे? त्याच्या आजोबाच्या हळदीला तू गायलीस, बापाच्या हळदीला गायलीस."

"गायले ना. झालं मंग."

"बाय, काही चुकलं का?"

"कुनाचं कं चुकतंय? वय झालं." आणि ती आत जाऊन भांडी लावायला लागली. भांडी आधीच लावलेली होती.

भिंतीकडे पाहिलं तर फ्रेम टांगलेली. आत फोटो अजून दुकानातलाच, तो फ्रेमबरोबर येतो तो. कुणा परदेशी बाळाचा, टोपलीत बसलेल्या. बिचारीला मागचे पत्रे उघडता येत नसतील. मी म्हटलं, "उघडून देऊ का?" ती म्हणाली, "राहू दे. पोर गोजिरवानं हाय."

नारळ परत आणला. संजीवनीला काय सांगायचं या विचारात रस्ता चुकून दुसऱ्याच सोसायटीच्या गेटात शिरलो. तिथे आधी आपली खाचरं होती, म्हणून पाय गेले.

२० मार्च

घरात सगळ्यांना कळलं. रंजना म्हणते गुडघे दुखत असतील. मधु म्हणतो डॉक्टरला दाखवू. मी ज्येष्ठमध आणून बायच्या दारात ठेवून आलो. दार उघडं होतं, पण ती बाहेर आली नाही.

भावेश जेवताना म्हणाला, "आजी नाय गाणार तर मला हळदच नको. सरळ रजिस्टर करतो."

मधु ओरडला, "शहाणा आहेस!"

"पप्पा, सिरियसली. मला आठवतंय ना, रुचिकाच्या वेळी आजी गात होती तेव्हा डेकोरेशनवाला पण काम थांबवून ऐकत होता. डीजेला कोण थांबतं?"

मला त्याचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. दहा मेला एकावन्न दिवस राहिले. तोपर्यंत तिचं मन कसं वळवायचं? रुचिका, तू इथे असतीस तर तिच्या मांडीवर डोकं ठेवून पाच मिनिटांत काढून घेतलं असतंस की हिला काय झालंय.

२३ मार्च

आज जे झालं ते नीट लिहितो.

रविवार. दुपारी सगळे घरी. भावेशनं तुझ्या लग्नाचे फोटो फोनवरून टीव्हीवर लावले. मांडवातला फोटो आला. टीव्ही पूर्ण भरून गेला, काळी पट्टीसुद्धा कुठे नाही. संजीवनी स्वयंपाकघरातून पोळीचं पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली आणि म्हणाली, "अगं बाई, आत्या केवढ्या छान दिसतायत!"

मी पाहिलं. डाव्या कडेला, मधुच्या पलीकडे, बाय उभी. हिरवं लुगडं. उजवा हात अर्धवट वर उचलून मधुच्या खांद्याकडे नेलेला, जसा तुझ्या डोक्यावरून काढला तसाच राहून गेलेला. हाताला कोपरापर्यंत हळद.

संजीवनी म्हणाली, "पण बाबा, कागदावर आत्या कुठे होत्या?"

मी उठून खिशातला कागदावरचा फोटो काढला. टीव्हीजवळ नेला. डावीकडे मधु, आणि मधुच्या खांद्याला लागून सूतभर पिवळं. तो डाग नव्हता. तो तिचा हात होता.

मी तिला तिच्या हाताबद्दल डाग म्हणालो. तोंडावर म्हणालो. साफ करतो म्हणालो.

मग आठवलं, पहिला फोटो, पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याच्या मागे मी गॅसवाल्याचा नंबर लिहून ठेवला होता. खिळ्याला अडकवला होता तो उलटून पाहिला. बाय होती. पूर्ण होती.

२४ मार्च

सकाळी स्टीलची पट्टी काढली. कारखान्यातून निवृत्त होताना साहेबांनी दिलेली, तुला कधी हात लावू दिला नाही ती.

टीव्ही मोजला. रुंदी अठ्ठावीस इंच, उंची पावणेसोळा. फोटो त्यात तंतोतंत बसतो, म्हणजे फोटोचा आकारही तोच. भावेश म्हणतो याला सोळा-नऊ म्हणतात. सोळा भाग रुंद, नऊ भाग उंच. त्यानं फोनमध्ये तसं लावून ठेवलं होतं, स्क्रीन पूर्ण भरते म्हणून.

कागद मोजला. चार बाय सहा. आता बघ. फोटो चार इंच उंच केला तर तो रुंदीला सात इंच एक सूत होतो. कागद सहाच इंच. एक इंच एक सूत जास्त, म्हणजे नऊ सूत. मशीन बिचारं दोन्हीकडून सारखं कापतं. डावीकडून साडेचार, उजवीकडून साडेचार. उजव्या कडेला नुसता मांडवाचा कूलर होता, तो कापला गेला आणि कुणाला पत्ता लागला नाही. डावीकडे बाय. मी पट्टीनं मोजली, फोटोत ती पावणेसहा सूत रुंद आहे. त्यातले साडेचार गेले. उरला हात.

मशीनचा दोष नाही. मशीनला मी सांगितलं कागद भरून काढ. पट्टी दिसू नये, लोकांनी घरची प्रिंट म्हणू नये, म्हणून. आणि एक गोष्ट लिहायची नाही असं ठरवलं होतं, पण ही वही तुझी आहे. कडेला जा, असं तिला मीच सांगितलं होतं. कडेला नसती तर कापली गेली नसती.

बाय नऊ वर्षांची होती तेव्हा आई गेली. मी चार वर्षांचा. नाल्यापलीकडच्या शाळेत मला ती पाठीवर घेऊन जायची. शाळेच्या खिडकीखाली बसून माझी वाट बघायची. माझी सातवी झाली ती तिच्या पाठीवर. तिची पहिलीही झाली नाही. हे मला काल रात्रीपर्यंत माहीत होतं, पण असं एकाखाली एक लिहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी तोड काढली. फोनमध्ये छापण्याआधी चौकट दिसते, ती बोटानं सरकवता येते. कापायचंच असेल तर कुठून, हे आपण ठरवायचं. मी चौकट डावीकडे नेली, पार कडेपर्यंत. बाय पूर्ण आली. नऊ सूत सगळे उजवीकडून गेले. कूलर गेला, आणि कूलरशेजारी उभा होतो मी, माझाही बराचसा गेला. एक कोपर उरलं. कागद गच्च भरलेला, पट्टी नाही, बाय आहे. मी पास केला.

२६ मार्च

घेऊन गेलो. ओट्यावर बसलो आणि आधी बोललो, नाहीतर धीर सुटला असता. "बाय, तो डाग नव्हता."

"मना ठावं हाय," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मना वाटलं तुना कापायची होती. रांड मानसाचा हात हळदीच्या फोटूत कशाला, असं कोन बोललं असंल तुना."

ती विधवा आहे, हे मी कधी असं मनातही आणलं नव्हतं. मी म्हटलं, "तुझ्या हातानंच हळद लागते गावाची!"

"लावताना लागतो हात. भिंतीवर कोन लावतं?"

फोटो पुढे केला. तिनं पाहिला. बोट स्वतःवर ठेवलं आणि तिथेच राहिलं, बराच वेळ. तिचं तोंड हललं, हसली असावी. मग बोट निघालं उजवीकडे. मधु, रंजना, तुझ्या सासूबाई, तू, जावई, संजीवनी, तुझा बाबा नितीन. कडेला पोचलं.

"तू कुठं गेलास?"

"मी नसलो तर काय बिघडतं?"

"यो कोपर तुझा?" आणि ती खरंच हसली, दात नसलेलं हसू. "मेल्या, माझ्या जागी तू जाऊन उभा राहिलास! उगी एकाला आनायचा नि दुसऱ्याला घालवायचा. मना तुला सोरून फोटू नको."

"मग कागद भरत नाही, बाय."

"नाय भरला तर कं होतंय? ताट भरलं नाय तर जेवत नाय का?" तिनं भिंतीवरची फ्रेम काढून माझ्या मांडीत ठेवली, बाळासकट. "हिच्यात बसव. सगली. एक पन मानूस कमी नको. मंग बघू."

मंग बघू, म्हणाली. नारळाचं काही बोलली नाही. पण मंग बघू म्हणाली.

२८ मार्च

फ्रेम आतून आठ बाय दहा. कागद भरून काढला असता तर या मापात बायबरोबर मधुही अर्धा गेला असता आणि मीही. हा आकार आणखी चौकोनी. म्हणून हिशोब उलटा केला. रुंदी दहा इंच पक्की, एक केसभरही कापायची नाही. दहाला सोळानं भागून नऊनं गुणलं. पाच इंच पाच सूत. तंतोतंत सूत! मी पेन ठेवून संजीवनीला हाक मारली. तिला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, "वा बाबा."

उंची आठ. उरले दोन इंच तीन सूत. वर एक इंच दीड सूत, खाली एक इंच दीड सूत, पांढरे.

ए-फोर कागदावर मध्यभागी काढायचा आणि मग पट्टी लावून कटरनं आठ बाय दहा कापायचा. पहिला कापताना हात हलला. दुसरा छापताना शाई संपत आली, सगळे हिरवे दिसू लागले, जशी हळद नव्हे शेवाळ लावलंय. नवी शाई आणायला परत कॅम्प दोन. सेठ म्हणाला, "काका, पट्टीवाला मारताय? मी बोललो ना, बॉर्डरलेस…"

मी म्हटलं, "सेठ, तुमच्या बॉर्डरलेसनं माझी बहीण कापली."

त्यानं हातातला कागदाचा गठ्ठा खाली ठेवला. मग म्हणाला, "सॉरी हां काका," आणि फोटो मागून घेऊन स्वतः पाहिला. "कौन सी?" मी दाखवली. "माँजी जैसी दिसते," म्हणाला.

२९ मार्च

तिसरा नीट आला. कापलाही नीट. चारी बाजू काटकोनात, गुण्या लावून पाहिलं.

पण टेबलावर ठेवला आणि जीव खालीवर. वर पांढरं, खाली पांढरं. मला ते कोरं बघवत नाही. असं वाटतं काम अर्धवट राहिलं. बाय काही बोलणार नाही, पण गावातली बघतील आणि म्हणतील, जनूला जमलं नाही. तासभर फेऱ्या मारल्या. संजीवनी म्हणाली, "बाबा, एवढी जागा आहे तर खाली काहीतरी लिहा ना."

काय लिहू? मंगल प्रसंग वगैरे मला येत नाही. मग कारखान्याच्या मासिकातले फोटो आठवले. साहेब लोक ओळीनं उभे आणि खाली त्यांची नावं. मीही एकदा होतो त्यात, माझं नाव चुकीचं छापलं होतं.

काळं पेन घेतलं. आधी या वहीच्या मागच्या पानावर चारदा लिहून पाहिलं. मग श्वास रोखून फोटोखाली लिहिलं. तसं लिहायचं तर सुरुवात जिथून करतात तिथूनच केली.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली आणि फ्रेम कापडात गुंडाळून बायकडे गेलो. भावेशही बरोबर आला. बाळ काढून मी आत फोटो आधीच बसवला होता, मागचे पत्रे घट्ट दाबले होते.

तिनं फ्रेम ओट्याला टेकवली आणि समोर उकिडवी बसली. मोजली. एक, दोन, तीन, नऊपर्यंत. "आनि ह्यो कं?"

"कूलर," भावेश म्हणाला. "आजी, त्यो पण घरचाच."

"आसू दे. वारा घातला त्यानं." मग तिचं लक्ष खाली गेलं. "हे कं लिवलंस?"

"नावं. कोण कोण आहे त्यांची."

"वाच."

मी वाचलं. "डावीकडून: चंद्रीबाय गोमा भोईर…"

तिनं हात वर केला. मी थांबलो.

"पैलं माझं?"

"डावीकडून लिहितात, बाय. डावीकडून पहिली तू."

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चंद्रीबाय, मधु, रंजना, विहीणबाई, रुचिका, संतोषराव, संजीवनी, नितीन, जनू. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. धवल्यात ती घरातल्या प्रत्येकाचं नाव गुंफते, मेलेल्यांचंसुद्धा. गाणारीचं नाव त्यात कधी येत नाही. आज तिनं नऊच्या नऊ नावं हलक्या आवाजात चालीत म्हटली, आणि सुरुवात स्वतःपासून केली. गळ्याला काही झालेलं नाही, रुचिका. काहीही झालेलं नाही. भावेशनं तोंड टॉवरकडे फिरवलं.

मी नारळ पिशवीत ठेवलेलाच होता. पुढे केला. तिनं घेतला, कानाशी हलवून पाहिला.

"मेच्या दहाला ना? फोटू काढनार?"

"काढणार. आणि या वेळी तू मध्ये उभी राहा. नवऱ्याच्या शेजारी. मी सांगतोय."

"नको रं बाबा," ती म्हणाली. "मना कडंलाच उभी कर. पन डावीकडं."

३१ मार्च

रुचिका, ही वही आज कुरियरनं पाठवतोय. दोन ओळींची म्हणालीस आणि बघ. बरोबर आठ बाय दहाचा एक फोटो आहे, दोन पुठ्ठ्यांत घालून. वरखालचं पांढरं पाहून कापू नको, ते मुद्दाम आहे. वाटलेल्या बावीस कॉपी मी घरोघरी जाऊन परत आणतोय आणि नव्या देतोय. चार बाय सहात उंची तीन इंच तीन सूत येते, वरखाली अडीच-अडीच सूत पांढरं. बारा झाल्या, दहा राहिल्या. भीमराव म्हणाला, "आता पट्टी आली की रे." मी म्हटलं, "मोजून सोडलीय."

शुद्धलेखनाला हसू नको. संतोषरावांना फोटो दाखव आणि डावीकडून पहिली कोण ते सांग.

आता मुख्य. दहा मेला तू आणि संतोषराव येणार का, हे मला लवकर कळव. विहीणबाईंना घेऊन आलात तर भावेश धरून आपण दहा, नवरी धरून अकरा, आणि फोटो काढायला भावेश नाही, दुसरं कुणी बघावं लागेल. अकरा माणसं एका ओळीत म्हणजे फोटो आणखी लांब होणार. मला आधी माप हवं, कागद त्याप्रमाणे आणायचा आहे, आणि बायनं कालच दुसऱ्या फ्रेमसाठी खिळा ठोकून घेतला. फोन केलास तरी चालेल, चिठ्ठी लिहिलीस तर जास्त आवडेल. पण कळव. वही पोचल्या दिवशीच कळव.